गाडीतून न उतरता खरेदी होणाऱ्या दुकान-साखळीचा इतिहास कसा लिहावा : नाशिकच्या अभ्यासकासाठी

एखाद्या दुकानाच्या रौप्य किंवा सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुधा ठरावीक कथा सापडते. संस्थापक रिकाम्या हाताने शहरात आले, त्यांनी सायकलवरून माल विकला, सचोटी राखली आणि आज त्यांच्या नावाच्या अनेक शाखा आहेत, असे तिचे स्वरूप असते. ही कथा खोटी असतेच असे नाही; परंतु दुकान त्याच रस्त्यावर का निघाले, रात्री किती वाजेपर्यंत उघडे राहू शकले, दुसरी शाखा गावात न होता नाक्यापलीकडे का झाली आणि मधल्या काही शाखा गुपचूप बंद का पडल्या, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. माझ्या मते दुकान-साखळीचा इतिहास लिहिणाऱ्याने मालकाच्या चरित्रापासून सुरुवात करूच नये. रस्ता, वेळ आणि हिशेबाचे कागद हाती आल्यानंतर मालकाची कथा ऐकावी, म्हणजे तिच्यातले काय जपून ठेवायचे आणि काय बाजूला सारायचे ते कळते.

येथे विचार केला आहे तो ड्राइव्ह-थ्रू प्रकारच्या, म्हणजे ग्राहक वाहनातच बसून दूध, पाव, अंडी, थंड पेये असा रोजचा माल घेऊन जातो अशा दुकानांचा. अमेरिकेत अशा प्रादेशिक साखळ्या कित्येक दशके चालल्या. नाशिकमध्ये हुबेहूब तशी साखळी शोधत बसल्यास निराशा होईल. परंतु सकाळी सहा वाजता दूध केंद्रासमोर स्कूटर न बंद करता, एक पाय जमिनीला टेकवून पिशव्या घेणारा माणूस ज्याने पाहिला आहे त्याला हा विषय परका वाटू नये. पेट्रोल पंपाच्या आवारातील दुकान, महामार्गावर गाडीच्या काचेशी माल आणून देणारे विक्रेते आणि खिडकीतून व्यवहार करणारी बेकरी हे सारे याच अभ्यासात बसते.

आधी कारण, मग संस्थापक

पहिला प्रश्न असा घ्यावा की, ग्राहक वाहनातून का उतरत नव्हता. याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी निराळे असते आणि इतिहासाचा कणा त्यातच असतो.

टेक्सासमधील डॅलस शहरात १९२७ मध्ये साउथलँड आइस कंपनी बर्फ विकत होती. विजेचे फ्रिज अजून घरोघरी पोचले नव्हते. पेटाऱ्यात बर्फाची लादी ठेवून अन्न टिकवले जाई आणि लादी जड असल्यामुळे ग्राहक वाहन घेऊन बर्फाच्या फलाटाशीच येई. त्या फलाटावर काम करणाऱ्या जेफरसन ग्रीन यांनी संध्याकाळी आणि रविवारी, म्हणजे किराणा दुकाने बंद असण्याच्या वेळी, दूध, पाव आणि अंडी ठेवण्यास सुरुवात केली. कंपनीचे जो थॉम्पसन यांनी ही रीत इतर फलाटांवर नेली, आणि १९४६ मध्ये सकाळी सात ते रात्री अकरा या वेळेवरून साखळीला सेव्हन-इलेव्हन हे नाव मिळाले. या साखळीचे भारतातील पहिले दुकान ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत अंधेरीला उघडले, म्हणजे बर्फाच्या फलाटापासून इथवर यायला चौऱ्याण्णव वर्षे लागली. अभ्यासकाने या हकिकतीतून एक पद्धत उचलावी : सुरुवात कोणी केली आणि प्रसार कोणी केला, ही दोन नावे वेगळ्या रकान्यांत लिहावीत. आपल्याकडील स्मरणिकांत दोन्हींचे श्रेय बहुधा एकाच छायाचित्राखाली जमा झालेले असते आणि पहिली कल्पना सुचलेला नोकर कोठेच नसतो.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कारण वेगळे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. १९४७ मध्ये सुरू झालेली लेव्हिटटाउन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. घर दूर, हाताशी मोटार आणि घरात फ्रिज अशी स्थिती आल्यावर दारात दूध टाकणाऱ्या गवळ्याचा धंदा बसत गेला आणि दूध विकणाऱ्यांना ग्राहक रस्त्यावर गाठावा लागला. डेअरी बार्न ही तेथील साखळी लाल रंगाच्या कोठारासारख्या छोट्या इमारतींतून, शेजारी उंच धान्यकोठीचा आकार उभारून, गाडीतल्या ग्राहकाला दूध आणि अंडी देत असे. फ्लोरिडातील फार्म स्टोअर्स आणि पेनसिल्व्हेनियातील स्विस फार्म्स यांच्याही केंद्रस्थानी दूधच होते. उलट नॉर्थ कॅरोलिनाच्या समुद्रकिनाऱ्यावरील ब्रू थ्रू या दुकानांत गाडी इमारतीच्या आतून आरपार जाते आणि ग्राहक मुख्यतः सुटीवर आलेला पर्यटक असतो. या दुकानांचे टी-शर्ट लोक जमवतात. अशा वस्तूंकडे अभ्यासकाने तुच्छतेने पाहू नये, कारण कॅलेंडर, पिशवी, टोपी आणि टी-शर्ट यांवर कागदापेक्षा अधिक काळ टिकलेली तारीख आणि जुने बोधचिन्ह असते.

सर्वांत बोलका दाखला मात्र खाद्यपदार्थांच्या दुकानाचा आहे. मॅकडोनाल्ड्सची पहिली ड्राइव्ह-थ्रू खिडकी १९७५ मध्ये ॲरिझोनातील सिएरा व्हिस्टा येथे निघाली, कारण जवळच्या फोर्ट वाचुका तळावरील सैनिकांना कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरण्याची मनाई होती. एका नियमामुळे भिंतीत खिडकी पडली. संस्थापकाच्या दूरदृष्टीवर चार पाने लिहिण्यापेक्षा असा एक नियम शोधून काढणे अधिक मोलाचे असते.

नाशिकमध्ये हाच प्रश्न विचारला तर उत्तरे रस्त्यागणिक बदलतात. मेनरोड आणि रविवार कारंजा परिसरात वाहन लावायलाच जागा नसते, म्हणून मागे बसलेला उतरतो आणि चालवणारा थांबतो. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींकडे पाळी सुटण्याची वेळ महत्त्वाची असते. कॉलेज रोडला क्लास सुटण्याची वेळ, पंचवटीत यात्रेकरूंच्या गाड्या, तर देवळाली कॅम्पकडे लष्करी वसाहतीचे वेळापत्रक पाहावे लागते. प्रत्येक शाखेपुढे हे कारण एका वाक्यात लिहून ठेवावे; ते लिहिता आले नाही तर त्या शाखेचा अभ्यास अजून झालेला नाही असे समजावे.

जागेचा नकाशा स्वतः काढावा

दुसरे काम म्हणजे प्रत्येक शाखेचा नकाशा. तो अभियंत्यासारखा नेटका नसला तरी चालेल. पण वाहन कोठून आत येते, कोठे थांबते, माल कोणत्या बाजूने दिला जातो आणि वाहन कोठून बाहेर पडते हे त्यात दिसले पाहिजे.

या नकाशाला इतके महत्त्व देण्याचे कारण आहे. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि चालक गाडीत उजवीकडे बसतो. त्यामुळे रस्त्याकडेचे दुकान नेहमी चालकापासून दूरच्या बाजूला येते. एकटा माणूस मोटारीतून आला तर डावी काच खाली करून, आडवे होऊन पैसे द्यावे लागतात, नाहीतर दुकानातल्या पोऱ्याला गाडीला वळसा घालून रहदारीच्या अंगाला उभे राहावे लागते. चालकाच्या हाती थेट माल द्यायचा असेल तर गाडी आवारात घेऊन दुकान उजव्या हाताला ठेवून फिरवावी लागते, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेसारखी. अमेरिकेत चालक डावीकडे बसत असल्यामुळे तीच फेरी उलटी होते. परदेशी नमुन्याचा आराखडा जसाच्या तसा उचलून येथे दुकान बांधले तर खिडकी चुकीच्या बाजूला येणार, हे वेगळे सांगायला नको.

फेरी घ्यायची तर मोकळे आवार हवे, आणि मोकळे आवार म्हणजे जमिनीची किंमत. गावठाणातल्या दहा फुटी गाळ्यात हे शक्य नाही. कोपऱ्यावरचा भूखंड किंवा महामार्गालगतची बिनशेती जमीन लागते. दुचाकीला यांतले काहीही लागत नाही, कारण तिला डावी-उजवी बाजू नाही आणि ती दोन फुटांत वळते. आपल्या शहरांत वाहनावरून खरेदी एवढी रुजली, पण तिच्यासाठी वेगळ्या इमारती फारशा उभ्या राहिल्या नाहीत, याचे मोठे स्पष्टीकरण मला या साध्या गोष्टीत दिसते. साखळीच्या इतिहासात दुचाकीच्या ग्राहकाला आणि मोटारीच्या ग्राहकाला एकत्र मोजू नये.

नकाशासाठी तीन साधने हाताशी ठेवावीत. मालमत्ता शहरात असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका आणि शहराबाहेर असेल तर सातबारा व फेरफार काढावा. त्यांवरून क्षेत्र आणि मालकी कळते. गूगल अर्थवरील जुनी उपग्रहचित्रे वर्षागणिक पाहता येतात आणि आवारातील फरसबंदी किंवा पत्र्याची शेड साधारण कोणत्या काळात आली ते त्यांत दिसते. जुलै २०२२ मध्ये गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा भारतात ज्या दहा शहरांपासून सुरू झाली त्यांत नाशिक होते. त्या वेळच्या पाट्या आणि दर्शनी भाग घरबसल्या पाहता येतात. तरीही प्रत्यक्ष जाऊन, शक्यतो गर्दीच्या वेळी, समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभे राहावे. चाकांच्या घासण्याने कडेचा दगड कोणत्या बाजूला झिजला आहे हे उपग्रहाला दिसत नाही.

रस्ता आणि हद्द

नाशिकच्या कोणत्याही रस्त्याकडेच्या दुकानाचा इतिहास मुंबई-आग्रा महामार्गाला वगळून लिहिता येणार नाही. शहरावरून उड्डाणपूल गेल्यावर धुळ्याकडे जाणारी गाडी खालच्या चौकांत उतरेनाशी झाली. म्हणून पुलालगतच्या शाखेची विक्री पाहताना पुलाआधीची, बांधकाम चालू असतानाची आणि नंतरची अशी तीन वर्षे वेगवेगळी मागून घ्यावीत. बांधकामाच्या काळातली घट आणि पूल झाल्यानंतरची घट यांची कारणे निराळी असतात, पण दुकानदाराच्या आठवणीत त्या दोन्ही एकच होऊन बसतात. पुणे रस्त्यावर सिन्नरच्या दिशेने जाणाऱ्या शाखा असतील तर समृद्धी महामार्ग विचारात घ्यावा. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि कसारा घाटातून जाण्याची सक्ती अनेक गाड्यांवरची उठली.

सिंहस्थ कुंभमेळा हा नाशिकच्या रस्त्यांचा एक ठळक टप्पा आहे. २००३ आणि २०१५ च्या सिंहस्थांपूर्वी रस्त्यांची मोठी कामे झाली, आणि २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी पुन्हा कामे निघाली आहेत. शाखा उघडण्याच्या तारखा या वर्षांशेजारी मांडून पाहाव्यात. ज्यांना हा अभ्यास पुढेमागे करायचा आहे त्यांनी निदान छायाचित्रे तरी आताच काढून ठेवावीत. रुंदीकरणात दुकानाची पहिली पायरी आणि जुनी पाटी सर्वांआधी जाते.

हद्दीचा प्रश्न मात्र बहुतेक जण विसरतात. नाशिक महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली आणि नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका तिच्यात सामील झाल्या. त्यामुळे नाशिकरोडला त्यापूर्वी निघालेल्या शाखेचे परवाने आणि घरपट्टीच्या नोंदी नाशिक नगरपालिकेच्या कागदांत शोधल्या तर सापडणार नाहीत. त्या वेगळ्या संस्थेच्या दप्तरात होत्या, आणि अर्ज करताना तसे स्पष्ट लिहावे लागते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा येथे उपयोगी पडतो, पण अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे न लिहिता मालमत्ता क्रमांक, वर्ष आणि कागदाचे नाव लिहावे.

हद्दीवर जकात होती. माल शहरात शिरताना ती भरावी लागे, म्हणून गोदाम नाक्याच्या आत ठेवायचे की बाहेर, हा दुकानदाराच्या दृष्टीने मोठा निर्णय असे. २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांवरचा तोही उठला. साखळीने गोदाम केव्हा आणि कोठून कोठे हलवले हे विचारल्यास बहुतेकदा संभाषण आपोआप या विषयावर येते, आणि तेथे मिळणारी माहिती स्मरणिकेत कधीच छापलेली नसते.

वेळेचा कायदा

गाडीवरून खरेदी होणारे दुकान हे वेळेवर जगते. सकाळी इतरांच्या आधी उघडणे आणि रात्री इतरांच्या नंतर बंद होणे हाच त्याचा फायदा. महाराष्ट्रात मात्र मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ यानुसार दुकान उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळांवर मर्यादा होती आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे बंधनकारक होते. कोणत्या प्रकारच्या दुकानांना त्यातून सवलत होती हे त्याच कायद्याच्या अनुसूचीत पाहावे. रोजचा नाशवंत माल विकणाऱ्याने स्वतःला किराणा दुकान म्हणवले की दूध केंद्र, याला त्यामुळे अर्थ येतो. २०१७ च्या नव्या कायद्याने कामगारांच्या साप्ताहिक सुटीची अट ठेवून दुकाने वर्षाचे सर्व दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. तेव्हा ‘आम्ही पूर्वीपासून रात्रभर चालू असतो’ असे कोणी सांगितले तर ते नम्रपणे नोंदवून घ्यावे आणि शॉप ॲक्टच्या दाखल्यावर दुकानाचा प्रकार काय लिहिला आहे ते पाहावे. जुन्या कायद्याखाली प्रत्येक शाखेची नोंद स्वतंत्र होत असल्यामुळे शाखांच्या तारखा पडताळण्यासाठी या दाखल्यासारखा कागद नाही.

बिलावरून वर्ष ठरवणे

तारीख नसलेले किंवा तारखेचा कोपरा फाटलेले बिल फेकून देऊ नये. त्याच्या छपाईतच त्याचा काळ लपलेला असतो.

किंमत रुपये-आणे-पैमध्ये असेल तर ते बिल सामान्यतः १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असा उल्लेख असेल तर १९५७ ते १९६४ या काळातले. वजन शेर-पावशेरात असेल तर मेट्रिक वजने सक्तीची होण्यापूर्वीचे, म्हणजे १९६२ च्या आधीचे धरावे, जरी ग्राहकांच्या तोंडी पावशेर पुढेही कित्येक वर्षे राहिला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर बिल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. दूरध्वनी क्रमांकातील आकडे मोजावेत. शहराचे क्रमांक टप्प्याटप्प्याने लांबत गेले आणि एकाच साखळीची चार बिले शेजारी ठेवली तर त्यांचा क्रम लागतो. सत्तावीसने सुरू होऊन शेवटी ‘व्ही’ असलेला विक्रीकर क्रमांक हा १ एप्रिल २००५ रोजी राज्यात मूल्यवर्धित कर आल्यानंतरचा. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक ऑगस्ट २०११ नंतर दिसू लागतो. पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक १ जुलै २०१७ नंतरचा. गल्ल्याशेजारी यूपीआयचा चौकोनी कोड चिकटवलेला दिसणारे छायाचित्र २०१६ पूर्वीचे असू शकत नाही, आणि पातळ प्लॅस्टिक पिशव्या जाऊन कापडी किंवा कागदी पिशव्या आलेल्या दिसल्या तर २०१८ ची राज्यातील बंदी आठवावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आपला दुकानदार छापलेली बिलबुके संपेपर्यंत वापरतो. नवा कर आला तरी जुन्या बिलावर रबरी शिक्का मारून काम भागवले जाते. म्हणून छापील मजकूर बिलबुक केव्हा छापले ते सांगतो आणि शिक्का ते केव्हा वापरले ते सांगतो. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. शिक्क्याची शाई छपाईवर आली आहे की हस्ताक्षरावर, हे भिंगातून पाहिल्यास कळते.

वह्या, भागीदारी आणि बोधचिन्ह

रोजमेळ आणि खतावणी हाती लागल्या तर अभ्यासक भाग्यवान. लाल कापडी बांधणीच्या या वह्यांची पूजा लक्ष्मीपूजनाला होते आणि अनेक व्यापारी घराण्यांत त्यांवर विक्रम संवत लिहिलेला असतो. कार्तिकापासून सुरू होणारा संवत २०२५ हा १९६८ च्या दिवाळीत सुरू होतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे बाकीची वर्षे मोजता येतात. मात्र त्या वर्षाचा बराचसा भाग पुढच्या इसवी सनात पडतो, म्हणून ‘१९६८-६९’ असेच लिहावे. प्राप्तिकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हे वर्ष १९८९ पासून एकसारखे झाले. त्याआधीची वार्षिक विक्री आणि नंतरची वार्षिक विक्री सरळ शेजारी ठेवून वाढ काढू नये.

खतावणीत विक्रीपेक्षा उधारीचे पान अधिक बोलते. गाडीवरून व्यवहार करणारे दुकान रोखीवर चालते, कारण मागे दुसरी गाडी उभी असते आणि वहीत नाव शोधायला वेळ नसतो. एखाद्या शाखेच्या वहीत उधारीची खाती एकाएकी कमी झालेली दिसली, तर त्याच सुमारास खिडकी निघाली किंवा दुकान मोठ्या रस्त्यावर आले असावे, असा तर्क करून दुसऱ्या पुराव्याने तो तपासावा.

भागीदारीची नोंद १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली निबंधकाकडे, कंपनी असल्यास केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि सहकारी भांडार असल्यास १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली उपनिबंधकाकडे मिळते. बोधचिन्हाचा शोध व्यापारचिन्ह नोंदणीच्या सार्वजनिक यादीत घेता येतो. तेथे ‘अमुक सालापासून वापरात’ असे लिहिलेले असते. तो अर्जदाराचा दावा असतो, पुरावा नव्हे. स्मरणिकेतील स्थापनावर्ष, या यादीतील वर्ष आणि पहिल्या शॉप ॲक्ट दाखल्याचे वर्ष ही तिन्ही जुळली तर आश्चर्यच मानावे.

वृत्तपत्रांसाठी सार्वजनिक वाचनालय, नाशिक येथे जावे. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत स्थानिक नियतकालिके पाहण्याची चौकशी करावी. ‘गावकरी’सारख्या नाशिकच्या दैनिकातील दिवाळी, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे अंक आधी चाळावेत, कारण नव्या शाखांचे मुहूर्त आणि त्यांच्या जाहिराती बहुधा त्या दिवसांत असतात. शहराच्या जुन्या बाजाराची पार्श्वभूमी हवी असेल तर १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर आहे, पण त्यात गरजेपेक्षा अधिक रमू नये.

माणसांशी बोलताना

मालकांच्या आधी नोकरांना भेटावे, असा माझा आग्रह आहे. मालकाने आपली कथा अनेक सत्कारांत सांगितलेली असते आणि ती घासून गुळगुळीत झालेली असते. गाडीपर्यंत धावणाऱ्या पोऱ्याला, आज तो साठीचा असला तरी, कोणी काही विचारलेले नसते.

प्रश्न हातांनी केलेल्या कामाविषयी असावेत. ‘शेठ, धंदा कसा वाढवलात?’ असे विचारले की भाषण ऐकावे लागते. ‘आप्पा, दुधाचे क्रेट कोणत्या बाजूला ठेवायचात आणि सुटे पैसे कुठे?’ असे विचारले की माणूस उठून उभा राहतो, हाताने जागा दाखवतो, आणि मग सांगतो की सुटे पैसे शर्टाच्या वरच्या खिशात नसत कारण वाकले की ते सांडत. कमरेला शिवलेली कापडी पिशवी असे, तिचा एक कप्पा नाण्यांचा आणि एक दहाच्या नोटांचा. पावसाळ्यात तीच पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावी लागे आणि नाणी काढायला वेळ लागे, म्हणून पावसात बरोबर पैसे देणाऱ्याला आधी माल मिळे. अशा एका उत्तरातून दुकानाची सारी चालण्याची रीत कळते. घरातील काकूंनाही अवश्य विचारावे. पहिल्या वर्षांत बरण्या भरणे, पुड्या बांधणे आणि रात्री गल्ला मोजणे हे काम बहुधा त्यांनीच केलेले असते, पण कोणत्याही नोंदवहीत त्यांचे नाव नसते.

ध्वनिमुद्रणाआधी परवानगी घ्यावी आणि मुद्रण थांबवल्यावर सांगितलेली गोष्ट छापू नये. वाटणीचा विषय निघाला तर विशेष जपावे. घराण्यातली वाटणी हे साखळी तुटण्याचे एक नेहमीचे कारण असते, आणि ते टाळून इतिहास पुरा होत नाही. परंतु लेखकाने कराराची तारीख आणि कोणत्या शाखा कोणाकडे गेल्या एवढेच लिहावे. भांडण कशावरून झाले हे दोन्ही बाजूंनी लेखी दिले तरच घ्यावे.

लिहायला बसल्यावर

लेखन सुरू करण्यापूर्वी शाखांचे कोष्टक तयार करावे : पत्ता, उघडल्याची तारीख, जागा भाड्याची की मालकीची, वाहन येण्याची बाजू, दुकानाची वेळ, चालवणारा, बंद झाल्याची तारीख आणि कारण. बंद शाखांना कोष्टकात तेवढीच जागा द्यावी जेवढी चालू शाखांना. भाडेकरार संपला, रस्ता एकेरी झाला, दुभाजक बसला आणि पलीकडच्या गाड्या वळेनाशा झाल्या, अशा कारणांतून शहर कसे बदलले ते वाचकाला आपोआप कळते. दुभाजकाकडे विशेष लक्ष द्यावे. रस्त्याच्या मध्ये टाकलेली दोन फुटांची भिंत दुकानाचे निम्मे ग्राहक तोडू शकते आणि तिची बातमी सहसा छापून येत नाही.

ज्या विधानाला एकच आधार आहे, त्यापुढे ‘अमुक यांच्या सांगण्यानुसार’ असे मजकुरातच लिहावे. कर्मचाऱ्यांची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नयेत. ‘नाशिकरोड शाखेतील एक जुने कामगार’ एवढे पुरते. ग्राहकांच्या उधारीच्या पानांचे छायाचित्र छापायचे झाल्यास नावे झाकावीत, कारण त्या कुटुंबांची नातवंडे याच शहरात राहतात.

पहिला खर्डा मालकांना दाखवावा, मात्र तपशिलाच्या दुरुस्तीसाठी. कोणते प्रकरण वगळावे हे ठरवण्याचा अधिकार आधीच देऊन ठेवू नये, आणि हे बोलणे अभ्यासाच्या पहिल्या भेटीतच झालेले बरे. काम संपल्यावर मूळ वह्या आणि दाखले कुटुंबाला परत करावेत व त्यांची पोच घ्यावी. छायाप्रतींचा एक संच सार्वजनिक वाचनालयाकडे देऊ करावा. प्रत्येक छायाचित्राच्या मागे ठिकाण, काढण्याची दिशा आणि तारीख मऊ पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनने लिहिल्यास दाब पडून समोरच्या बाजूवर रेघा उमटतात.